लायसन घ्या, हजार रुपये नकोत



सुट्टीच्या आदल्या रात्री पश्चिम द्रुतगती महामार्गावर, वांद्रे रेक्लमेशनला, नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर बाइकच्या शर्यती लागतात. हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे, पोलिसांनाही ठाऊक आहे. नाकाबंदी होते, चार पोरं सापडतात, चलन फाटतं आणि काही दिवसांत तीच पोरं पुन्हा त्याच रस्त्यावर दिसतात. महाराष्ट्रात दुचाकीने वेगमर्यादा मोडली तर दंड एक हजार रुपये. तीन लाखांची बाइक उडवणाऱ्याला तो पेट्रोलच्या खर्चात जमा धरता येतो. ई-चलन तर अनेक जण भरतही नाहीत. साचू द्यायचं आणि लोकअदालतीत सवलतीची वाट बघायची, हे सगळ्यांना पाठ झालं आहे.

दुसरीकडे कुणाचा जीव गेला की लोक खवळतात. 'फोडून काढा,' 'गाडीवर रोडरोलर फिरवा,' असा ओरडा होतो. पडलेल्या पोराला रस्त्यातच बडवणारा जमाव आम्हाला न्याय वाटत नाही. त्या मारातून रस्ता एका दिवसापुरताही सुरक्षित होत नाही.

आमची मागणी साधी आहे: शिक्षा वेगाला द्या, मरणाची वाट पाहू नका. आज काय होतं? एकाच रात्री दोन पोरं ताशी 110 ने निघतात. एक सुखरूप घरी पोचतो, त्याला हजार रुपये. दुसऱ्याच्या समोर रस्ता ओलांडणारी बाई येते, ती जागीच जाते आणि त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोघांनी केलं ते एकच. फरक नशिबाने पडला. ताशी 110 ची बाइक एका सेकंदात तीस मीटर कापते. माणूस दिसून बोटं ब्रेकवर पडेपर्यंतच जवळपास तो सेकंद संपतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती आणि शंभरातल्या एकाहत्तर मृत्यूंना अतिवेग कारण होता, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच अहवाल सांगतो.

फिनलंडमध्ये वेगाचा मोठा दंड माणसाच्या कमाईवर बसतो. नोकिया कंपनीचे एक संचालक हेलसिंकीत 50 च्या रस्त्यावर 75 ने मोटारसायकल चालवताना सापडले, तेव्हा त्यांना 1,16,000 युरो दंड झाला होता. पुढे उत्पन्न घटल्याचं दाखवल्यावर तो कमी केला गेला, पण मोजमाप कमाईचंच राहिलं. आपल्याकडे ते आणायला वेळ लागेल. तोवर गरीब-श्रीमंत दोघांकडे सारखी असलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे लायसन.

आणि ते काढून घ्यायला नवा कायदाही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 प्रमाणे अतिवेग, धोकादायक चालवणं किंवा शर्यत यांत सापडलेल्याचं लायसन पोलिसांनी ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं आहे. कलम 19 प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने बंदी, दुसऱ्या वेळी लायसन रद्द. 2019 च्या दुरुस्तीने सामुदायिक सेवा, म्हणजे शिक्षा म्हणून बिनपगारी काम, हेही कायद्यात आणलं. मग ते करवून घ्या! सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात महिनाभर स्ट्रेचर ढकलू द्या.

साठच्या रस्त्यावर सत्तरने गेलेल्याला हजार रुपये पुरेत. त्याचं लायसन आम्ही मागत नाही. पार्सल पोचवणाऱ्या मुलाचं पोट गाडीवर आहे, हेही आम्ही विसरलेलो नाही. त्याला मिनिटांवर पळवणाऱ्या कंपनीला आधी जाब विचारा. पण मर्यादेच्या दीडपट वेगाने जाणारा कुणीही असो, त्याला सूट नको. कुणाला इजा झालेली नसताना एकोणीस वर्षांच्या मुलाला तुरुंगात टाकणं आम्हाला मान्य नाही. त्याच्या हातातून गाडी काढून घेणं मात्र हवंच.

आईबापांनो, पोरगा अठराच्या आत असेल आणि त्याने गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम 199अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड तुम्हाला आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. किल्ली तुमच्याच घरात आहे.

शर्यत दिसली तर 112 वर कळवा, पोरांवर हात टाकू नका. आणि हे पत्रक वाचणाऱ्या प्रत्येकाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आपल्या आरटीओत माहिती अधिकाराचा अर्ज द्या. त्यात एवढंच विचारा: गेल्या वर्षी अतिवेगासाठी दुचाकीस्वारांची किती लायसन तुमच्याकडे आली, आणि त्यांतली किती निलंबित केलीत?