नायट्याचे मलम आणि बाजाराची निवड

पावसाळा आला की नायटा, गजकर्ण, पायाच्या बोटांतील चिखल्या यांच्या तक्रारी घरोघर सुरू होतात. ग्राहक औषधांच्या दुकानात जाऊन 'खाजेवर काहीतरी द्या' एवढेच सांगतो. हाती पडणाऱ्या ट्यूबची निवड त्याने केलेली नसते, डॉक्टरानेही केलेली नसते. ती बाजाराने केलेली असते, आणि बहुधा चुकीची असते.

वास्तविक पर्याय फारसे दुर्बोध नाहीत. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल ही जुनी औषधे मुख्यतः बुरशीची वाढ रोखतात. ती दिवसातून दोनदा, सामान्यतः दोन ते चार आठवडे लावावी लागतात. टर्बिनाफिन बुरशीला मारते आणि एरवी एक-दोन आठवड्यांत काम भागवते. तेव्हा ट्यूबच्या किमतींची तुलना निरर्थक होय. तुलना करावयाची ती संपूर्ण उपचाराच्या खर्चाची. बेंझॉइक व सॅलिसिलिक आम्लांचे व्हिटफील्डचे मलम तर याहूनही जुने. ते थोडे झोंबते, पण स्वस्त आहे.

परंतु सर्रास खपते ते निराळेच मलम. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि क्लोबेटॅसोलसारखे अतितीव्र स्टिरॉइड अशी त्यात खिचडी असते. स्टिरॉइडमुळे खाज आणि लाली दोन दिवसांत शमते. त्वचेची प्रतिकारशक्ती मात्र दबते व बुरशी निर्वेध पसरते. मलम थांबविताच खाज उसळते, आणि ग्राहक त्याच ट्यूबकडे पुन्हा धावतो. पुढे कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उमटतात.

विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथील स्थिती अधिक बिकट आहे. खराब मोटार निदान रस्त्यात बंद पडते. हे मलम पहिल्याच रात्री सुखाची झोप देते.

केंद्र सरकारने २०१८ साली १४ स्टिरॉइडांची बाह्योपचाराची औषधे अनुसूची 'एच'मध्ये घालून त्यांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. तथापि, मलम घेताना दुकानदाराने चिठ्ठी मागितल्याचे किती वाचकांना आठवते? दरम्यान २०२० साली जपानी संशोधकांनी एका बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे भारतसूचक नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन निष्प्रभ ठरते, आणि ती युरोप-अमेरिकेतही पोहोचली आहे. मिश्र मलमांच्या गैरवापराने तिच्या फैलावास हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. एकाच्या चुकीच्या ट्यूबची किंमत अशी इतरांनाही मोजावी लागते.

सारा दोष दुकानदारावर टाकणे मात्र न्यायाचे नव्हे. रोजंदारीवरील माणसाला डॉक्टरकडे जायचे तर तपासणीची फी आणि एका दिवसाची मजुरी असा दुहेरी भुर्दंड पडतो. म्हणून केवळ बंदीचा हुकूम पुरेसा नाही. आज घटकांची नावे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात. त्यांऐवजी ट्यूबच्या दर्शनी भागावर 'यात स्टिरॉइड आहे, नायट्यावर लावू नये' असे ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून साधे क्लोट्रिमॅझोल द्यावयाचे, तर एक ट्यूब देऊन बोळवण न करता डाग गेल्यानंतरच्या पंधरवड्यालाही पुरेल इतके द्यावे.