कचऱ्यालाही रंग कळतो!

वस्तुमान नष्ट होत नाही, ते फक्त रूप बदलतं. हे आपण शाळेत पाठ केलं, पुढे ‘मास बॅलन्स’ या भारदस्त नावाखाली त्याचीच गणितं सोडवली आणि त्यावर मार्कही मिळवले. पण त्या गणितातला एक प्रश्न पेपरात कधीच येत नाही. कारखान्यातून, शहरातून, आपल्या मेसमधून जे बाहेर पडतं ते नष्ट झालं नाही, तर गेलं कुठे? आणि जिथे गेलं, तिथे कोण राहतं?

‘प्रदूषण भेदभाव करत नाही, हवा सगळ्यांची एकच’ हे वाक्य पर्यावरणदिनाच्या भाषणात आपण दरवर्षी ऐकतो. टाळ्याही वाजवतो, कारण नंतर चहा-समोसा असतो! पण माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य खोटं आहे. प्रदूषण भेदभाव करतं, कारण ते कुठे जाणार हे माणसं ठरवतात. आणि त्या माणसांमध्ये बरेचदा इंजिनिअर असतात, म्हणजे उद्याचे आपण. या गोष्टीचा सगळ्यात चोख हिशेब अमेरिकेत मांडला गेलाय, म्हणून तिथलीच उदाहरणं देतो.

पीसीबी हे नाव इलेक्ट्रिकलवाल्यांना नवीन नाही. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पूर्वी वापरलं जाणारं, सहजासहजी न विघटणारं विषारी रसायन. १९७८ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात काही लोकांनी विल्हेवाटीचा खर्च वाचवायला हे तेल टँकरमधून नेऊन चक्क रस्त्याच्या कडेला सोडून दिलं. एकदा नाही, दोनशेहून जास्त मैलांच्या रस्त्यांवर! गुन्हेगार सापडले, पण विष भिनलेली हजारो ट्रक माती कुठेतरी पुरायची होती. सरकारने जागा निवडली ती वॉरन काउंटीत. गरीब शेतकऱ्यांचा भाग, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची.

आता सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्या. अशा लँडफिलचा तळ आणि भूजल यांच्यात पन्नास फूट अंतर हवं असा नियम होता. इथे भूजल त्याहून खूपच वर होतं आणि आसपासचे लोक विहिरीचं पाणी पीत होते. म्हणजे साइट बाद व्हायला हवी होती. पण बाद झाला तो नियम, साइट नाही. नियमातून सूट देण्यात आली. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये ट्रक येऊ लागले तेव्हा बाया-माणसं, पोरंटोरं रस्त्यावर आडवी झाली. पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली. तरीही खड्डा भरलाच. पुढे त्याच मातीतलं विष काढायला सरकारलाच करोडो डॉलर घालावे लागले आणि ते काम संपायला २००३ साल उजाडलं. पण अमेरिकेतली ‘पर्यावरणीय न्याया’ची चळवळ या रस्त्यावरच उभी राहिली असं मानतात.

कुणी म्हणेल, एका काउंटीवरून निष्कर्ष काढू नकोस, डेटा दे. घ्या डेटा. १९७९ मध्ये ह्यूस्टन शहरातल्या एका वस्तीजवळ कचरा डेपो येणार म्हणून लिंडा मॅकीव्हर बुलार्ड या वकील बाईंनी कोर्टात दावा लावला. त्यांचे पती रॉबर्ट बुलार्ड समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं (सबमिशन असावं तर असं!) आणि शहराच्या कचऱ्याचा सगळा इतिहास खणून काढला. शहरात कृष्णवर्णीय साधारण चौथा हिस्सा. पण पालिकेच्या मालकीचे पाचच्या पाच डेपो आणि आठपैकी सहा भट्ट्या त्यांच्याच वस्त्यांत. नुसत्या योगायोगाने असं होण्याची प्रोबॅबिलिटी तुम्हीच काढा. दावा मात्र हरला. डेपो तिथे ठेवण्यामागे वर्णद्वेषाचा हेतू होता हे सिद्ध झालं नाही.

पुढे १९८७ मध्ये एका चर्च संघटनेच्या वर्णन्याय आयोगाने देशभराचा अभ्यास केला. घातक कचऱ्याचं केंद्र कुठे असेल हे सांगणाऱ्या घटकांत तिथल्या लोकांचा वर्ण हाच घटक सगळ्यात प्रभावी निघाला, उत्पन्नापेक्षाही. वीस वर्षांनी, २००७ मध्ये पुन्हा मोजणी झाली. अशा केंद्रांपासून तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत ५६ टक्के लोक गोरेतर होते.

या विषयावर रूममध्ये वाद घातला की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘हा वर्णाचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे’. गरिबीचा आहेच, पण तेवढाच नाही. ह्यूस्टनची ती वस्ती स्वतःच्या घरात राहणाऱ्या मध्यमवर्गीयांची होती. कर्ज फेडत होती, कर भरत होती. फक्त बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. दुसरा आक्षेप, ‘डेपो आधी आला, जागा स्वस्त झाली, मग लोक आले’. शंका रास्त आहे. पण पॉल मोहाय आणि रॉबिन साहा यांनी २०१५ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. त्यांना आढळलं की केंद्रं बहुतेक करून अशा भागांत आली, जिथे गोरे आधीच निघून चालले होते आणि गोरेतरांची संख्या वाढत होती. म्हणजे माणसं कचऱ्याकडे गेली नाहीत, कचरा माणसांकडे आला.

मग हे सगळे अधिकारी दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही, आणि खरी भीती तीच आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कचरा मंडळासाठी एका सल्लागार कंपनीने अहवाल केला. विषय होता, कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प कुठे उभारावेत. त्यात लिहिलं होतं की असा प्रकल्प शेजारी कुणालाच नको असतो, पण वरच्या आणि मध्यम वर्गाकडे विरोध यशस्वी करण्याची साधनं जास्त असतात. तेव्हा कमी उत्पन्न, कमी शिक्षण, वयस्कर लोक अशा वस्त्या बघाव्यात. किती सरळ हिशेब! रेझिस्टन्स कमी तिथे करंट जास्त.

आणि हा रेझिस्टन्स कमी कुणी केला, तेही बघा. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे कर्जासाठी धोक्याचा भाग. मग तिथे पैसा आला नाही, जमीन स्वस्त राहिली आणि स्वस्त जमिनीवर हायवे, गोदामं, कारखाने आले. झाडं आली नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १०८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या जुन्या लाल भागांत जमिनीचं तापमान इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त निघालं. नव्वद वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीचा उन्हाळा आजची पोरं सोसतायत! आज एखादा इंजिनिअर ‘लँड कॉस्ट’चा आकडा शीटमध्ये भरतो, तेव्हा त्याच्या मनात कुठलाच द्वेष नसतो. पण तो आकडाच रंगवलेला असतो.

फ्लिंटची गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवावी अशी आहे. मिशिगन राज्यातलं हे शहर, निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय, गरिबी भरपूर. पालिका कर्जात बुडाली म्हणून राज्याने वरून प्रशासक नेमलेला, निवडून आलेल्यांच्या हातात काही नाही. पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. हे पाणी जास्त गंजवणारं. अशा पाण्यात ऑर्थोफॉस्फेटसारखं करोजन इनहिबिटर घालतात, त्याने पाइपच्या आत संरक्षक थर टिकतो. ते घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं नळातून थेट पोरांच्या पेल्यात आलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जायचे, अधिकारी सांगायचे, पाणी सुरक्षित आहे.

आता गंमत ऐका (गंमत कसली म्हणा). ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने तक्रार केली की या पाण्याने आमचे पार्ट गंजतायत. त्यांना दुसरं पाणी मिळालं. माणसांना मिळायला ऑक्टोबर २०१५ उजाडला, तेही डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचे आकडे जगासमोर ठेवल्यावर. लोखंडाची तक्रार एक वर्ष आधी ऐकली गेली! २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने या प्रकरणाची मुळं व्यवस्थेतल्या वर्णभेदात असल्याचं लिहून ठेवलं.

‘हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं?’ असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ च्या दलित पँथरचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलं. ज्यांनी सोसलं, त्यांना हे नातं फार आधी कळलं होतं. लाल नकाशा आपल्याकडे काढावाच लागला नाही, गावकूस होतंच. मैला हातांनी साफ करण्यावर १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही गटारात गुदमरून कामगार गेल्याची बातमी पेपरात येते. त्या कामगाराची जात आपल्यापैकी कुणाला विचारावी लागते का?

अमेरिकेतही लढाई जिंकली असं समजू नका. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९४ मध्ये सरकारी खात्यांना आदेश दिला होता की आपल्या निर्णयांचा अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांवर जास्त भार पडतो का ते तपासा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. जे एका सहीने मिळतं, ते एका सहीने जातंही.

म्हणून मला वाटतं, हे काम नुसतं सरकारवर सोडून चालणार नाही. ते डिझाइन करणाऱ्याच्या सवयीत यायला हवं. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये आपण कॉस्ट, एफिशियन्सी, फॅक्टर ऑफ सेफ्टी सगळं लिहितो. त्यात आणखी एक कॉलम टाका: यातून निघणारं घाण पाणी, धूर, राख कुणाच्या दारात जाणार आणि त्यांना कुणी विचारलं का? गाइड सर ‘हे कशाला?’ म्हणतील, म्हणू देत.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. एन्व्हायर्नमेंटल स्टडीजच्या फायलीत दरवर्षी रेन वॉटर हार्वेस्टिंगचं तेच चित्र सीनियरच्या फायलीतून ज्युनियरच्या फायलीत जातं. त्याऐवजी एक वर्ष आम्हाला बुलार्ड सरांच्या विद्यार्थ्यांचं काम द्या. शहराचा नकाशा घेऊ, कचरा डेपो, नाले, भट्ट्या, एसटीपी त्यावर मांडू आणि शेजारी कोण राहतं ते चालत जाऊन विचारू. सुरुवात हॉस्टेलच्या मेसमागून सकाळी निघणाऱ्या कचरागाडीपासून करता येईल. ती गेटबाहेर डावीकडे वळते एवढंच आपल्याला माहीत आहे. पुढचं शोधायला कुणी येणार असेल तर मी तयार आहे. आणि हे सगळं पटलं नसेल तर भांडायला रूमवर या. चहा मात्र तुमचा!