दोनशेचं हेल्मेट, हजाराचं हेल्मेट

मुलांनो, परवा मी वर्गात दोन हेल्मेटं घेऊन गेलो. एक धड, एक फुटकं. फुटकं पाहताच मागून आवाज आला, "गुरुजी, हे तुमचंच ना?"

होय, माझंच! नगर-पाथर्डी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना घेतलेलं. पोलिसांनी अडवू नये, एवढाच हेतू. पुढे करंजी घाटाच्या अलीकडे खडीवरून गाडी घसरली. वेग काही फार नव्हता, तरी हेल्मेट तडकलं आणि कपाळाला सहा टाके पडले. मग हजाराचं आणलं.

"पण दिसतात तर दोन्ही सारखीच! मग वरचे आठशे रुपये कशाचे?" चौथीतल्या एका मुलीने विचारलं. प्रश्न लाखमोलाचा!

आम्ही दोन्हींचं अस्तर काढलं. फुटक्यात नुसता पातळ स्पंज. दुसऱ्यात जाड, घट्ट थर्माकोल. स्पंज बोटाने दाबा, लगेच वर येतो. थर्माकोल जोरात दाबा, खड्डा पडतो आणि तसाच राहतो. हीच तर गंमत! आपटल्यावर थर्माकोल स्वतः चेपतो आणि धक्का आपल्या अंगावर घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं.

आता हिशेब मांडू. चांगलं प्लास्टिक किंवा फायबरचं कवच, थर्माकोल, न तुटणारा पट्टा, पुढची काच, हा झाला कच्चा माल. कवच ओतायचा साचा महाग असतो. त्याचा खर्च प्रत्येक हेल्मेटवर थोडा थोडा बसतो. मग चाचण्या. नमुन्याची हेल्मेटं उंचावरून आपटून पाहतात, पट्टा ताणून पाहतात. त्यात फुटलेल्यांचे पैसेही शेवटी किमतीतच येतात. पुढे गाडीभाडं. आपल्या शेजारच्या बेळगावातही हेल्मेटं बनतात. तिथून नगरला आणायची तर डिझेल लागणारच. त्यावर दुकानदाराचा नफा आणि सरकारचा कर. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा हेल्मेटवर १८ टक्के बसला.

शिवाय हेल्मेटसक्तीची बातमी आली की गिऱ्हाइकं एकदम वाढतात. माल तेवढाच, मग भाव चढतो.

"मग पाच हजाराचं सगळ्यात भारी का, गुरुजी?" तसंच काही नाही हं! नक्षी, कंपनीचं नाव, हलकं कवच, हवा खेळायला झरोके यांचेही पैसे पडतात. म्हणून किंमत नव्हे, आधी खूण बघायची. मागच्या बाजूला आयएसआयचा शिक्का, त्याच्या वर 'आयएस ४१५१' आणि खाली परवान्याचा क्रमांक. १ जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच मनाई आहे. नुसता शिक्का खोटाही छापता येतो, म्हणून परवान्याचा क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासून घ्यावा.

वर्ग सुटल्यावर एक मुलगा रेंगाळला. हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या दादांचं पण दोनशेचंच आहे."

त्या दोनशेत काय नव्हतं, ते आता त्याला कळलं होतं. आज संध्याकाळी तुम्हीही घरचं हेल्मेट उलटं करून बघा. आत काय आहे, शिक्का आहे का, ते वहीत लिहा. आणि वही बाबांना किंवा दादांना दाखवायला विसरू नका!