टिळकांची भजनंही ऐकवा

‘केवढे हे क्रौर्य!’ शिकवताना आपण रेव्हरंड ना. वा. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मोकळे होतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी येशूची स्तुती, प्रार्थना अभंगाच्या वळणाने लिहिली. कित्येक मराठी चर्चमध्ये ती भजनं पेटी-तबल्यावर सगळे मिळून गातात. हे वर्गात का सांगायचं नाही? "सर, धर्म शिकवता का?" असं पालक विचारतील, ही धास्ती. अहो, आमच्या कोनसारख्या गावात घरोघरी हरिपाठ कानावर पडतो, मुलं चाल लगेच ओळखतील! फादर स्टीफन्स यांचं ओवीतलं ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ सालीच गोव्यात छापलं गेलं. परिपाठात नको हवं तर. मराठीच्या तासाला एक भजन ऐकवा आणि विचारा, हा छंद कुठे ऐकलाय?