गाडीला काय लावलं ते सोडा, काय काढलं ते सांगा



पेरणी, फवारणी, बाजारभाव यातून आज थोडी सुट्टी घेऊन मोटारसायकलवर लिहितोय. खरं तर हा विषयसुद्धा शेतीचाच आहे. ट्रॅक्टर सगळ्यांकडे नाही, बैलजोड्या कमी झाल्या, पण गाडी मात्र प्रत्येक वस्तीवर उभी आहे. युरियाची गोणी, दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, पाठीवरचा पंप, मागे बायको किंवा आई, पुढे टाकीवर पोरगं, सगळं तिच्यावरच. म्हणजे शंभर सीसीची गाडी हे आपलं अवजार झालंय. मग नांगर-कुळव घेताना जो हिशोब करतो, तोच गाडीला काही बसवताना का करू नये?

सध्या गावातली पोरं नवी गाडी आणली की आठ दिवसांत ॲक्सेसरीजच्या दुकानात. म्हातारी माणसं म्हणतात सगळा नुसता भपका. पोरं म्हणतात सगळं कामाचं. मला दोन्ही पटत नाही.

आधीच सांगतो, नटवण्याला माझा विरोध नाही. पोळ्याला, बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, त्याचा काही उत्पन्नाशी संबंध नसतो. हौसेला मोल नाही. पण शिंगं रंगवायची म्हणून पायाची पत्री कुणी काढून टाकत नाही. गाडीच्या बाबतीत नेमकं हेच चाललंय. म्हणून मी गाडीला काय लावलं ते बघतच नाही, काय काढलं ते आधी बघतो.

सगळ्यात आधी निघतो तो साडी गार्ड. पोरं म्हणतात लुक जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निदान अर्धं मागचं चाक झाकेल असं संरक्षण दुचाकीला हवंच. हा नियम उगाच नाही केलेला. आपल्याकडे बायका अजूनही एका बाजूला पाय सोडून बसतात. पदर, ओढणी, स्कार्फ चाकात गेला की गाडी थांबेपर्यंत माणूस खाली आलेला असतो. खुरपणीला आई, बहीण, बायको याच गाडीवर येते ना? मग तो गार्ड लुकसाठी काढायची वस्तू नाही.

दुसरे जातात आरसे. ऊस चालू झाला की रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं गाणी. त्याला तुमचा हॉर्न ऐकू जात नाही आणि मागून कोण येतंय ते तुम्हाला दिसत नाही. हँडलच्या टोकाला लावायचे ते इवलेसे आरसे येतात, त्यात आपलंच कोपर दिसतं. कंपनीचे साधे आरसे बरे.

तिसरं चेन कव्हर. पूर्ण बंद कव्हर काढून अर्धं लावलं की गाडी स्पोर्ट्स दिसते म्हणे. दिसू दे. पण काळ्या रानातली माती आणि पाटाकडची वाळू चेनमध्ये गेली की चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही घासतात, आणि ते कायम जोडीनंच बदलावे लागतात.

पुढच्या मडगार्डची गोष्ट जरा वेगळी. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये दाटते आणि चाक अक्षरशः फिरत नाही. म्हणून लोक मडगार्डच काढतात, आणि मग सगळा चिखल इंजिनवर नि डोळ्यांत. त्यापेक्षा मेकॅनिककडून ते थोडं उचलून घ्या, चाकाला किंवा फोर्कला कुठं घासत नाही ना ते बघा, आणि गाडीला एक काठी बांधून ठेवा. काठीला पैसे पडत नाहीत.

आता लावायच्या वस्तूंकडे.

कॅरिअर आणि किटलीचे हूक ही शंभर टक्के कामाची गोष्ट. पण वजन कुठं येतंय ते बघा. ४० लिटर दूध म्हणजे नुसतं दूधच ४१ किलोच्या आसपास, वर किटलीचं वजन. ते मागच्या चाकाच्या आसापेक्षा मागे लटकलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल डुलतं आणि हेडलाइट आभाळात जातो. वजन आसाच्या पुढे, सीटकडे आणि दोन्ही बाजूंना सारखं हवं. हँडलला तर पिशवीसुद्धा अडकवू नये. आणि एक फुकटची ॲक्सेसरी सांगतो. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाचा असतात, त्या फिरवून स्प्रिंग कडक-नरम करता येते. गाडी घेतल्यापासून किती जणांनी त्या फिरवल्यात?

लाइट. रात्रपाळीची लाइट असली की दोन वाजता मोटर चालू करायला जावं लागतं. बांधावर साप, रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली. तेव्हा जादा उजेड ही चैन नाही. पण हिशोब करा. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ३ अँपिअर-तास असते. गुणाकार केला तर ३६ वॅट-तास. २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॅट. इंजिन बंद ठेवून विहिरीवर उजेड पाडत बसलात तर तासाभराच्या आत बॅटरी आडवी. इंजिन चालू असलं तरी चार्जिंगला मर्यादा आहे. म्हणून एकच दिवा, वेगळा स्विच, रिले आणि फ्यूज घालून केलेली वायरिंग, आणि दिव्याचं तोंड खाली. समोरच्याच्या डोळ्यांवर मारलात तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येणार. मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा. भाऱ्यामागे टेल लाइट झाकली जाते, तेव्हा भाऱ्यालाही एक बांधा.

लेग गार्ड चांगला. चिखलात गाडी घसरली तर पाय खाली अडकत नाही, ब्रेकचं पेडल वाकत नाही. फक्त फार रुंद घेऊ नका, उसाच्या सरीतून आणि तारेच्या कुंपणाजवळून गाडी काढायची असते.

अलॉय आणि टायर. बाभळीच्या काट्याला ट्यूबलेस टायर उत्तम, काटा गेला तरी हवा हळूहळू उतरते. पण त्यासाठी अलॉय लागतं आणि खड्ड्यात अलॉय आपटलं तर वाकतं नाहीतर तडकतं. स्पोकचं चाक गावातला मेकॅनिकही आरे ओढून सरळ करतो. ज्याचा रस्ता काट्याचा त्यानं अलॉय घ्यावं, ज्याचा खड्ड्याचा त्यानं स्पोक ठेवावेत. जाड टायर मात्र नुसता दिखावा. आठ घोड्यांच्या इंजिनानं तो जादा बोजा ओढायचा आणि ॲव्हरेज आपण सोसायचं.

आता फटाके सायलेन्सर. याची बाजू घेणारे म्हणतात, रानडुकरं पळतात. चार दिवस पळत असतीलही, नंतर डुकराला सवय होते, शेजाऱ्याला होत नाही. ८० ते १७५ सीसीची गाडी कंपनीतून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. तो सायलेन्सर ती कुठल्या कुठे ओलांडतो. ताकद वाढते म्हणणाऱ्यांनी भरलेल्या किटल्या घेऊन चढ चढून दाखवावा. आणि ज्यांच्या घरी दुभती जनावरं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. धारेच्या वेळी गाय दचकली की पान्हा चोरते. बाहेर गाडी फाट-फाट करते, आत बादलीत दूध कमी पडतं. हा तोटा कुणी मोजत नाही.

कायद्याचंही एका ओळीत सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नंबरातून ‘दादा’ नाहीतर ‘राम’ उमटवणारी प्लेटही चालत नाही. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हेच बदल पुढे करून वाद घातला जातो.

माझा क्रम सांगतो, पटला तर घ्या. आधी हेल्मेट, दोन. मग टायर, ब्रेक शू, चेन चांगली. मग कॅरिअर, मागची पट्टी, एक दिवा. सीटखाली प्लग पाना, जादा प्लग आणि घरी हवेचा पंप. एवढं झाल्यावर पैसे उरले तर स्टिकर, सीट कव्हर, रिमची पट्टी, गोंडे, काय हवं ते लावा. त्यात कुणाचं नुकसान नाही, आणि गाडी धुतल्यावर छान दिसली की कामालाही हुरूप येतो.

तुमच्या गाडीला लावलेली एखादी वस्तू खरंच शेतात उपयोगी पडली असेल तर खाली लिहा. फोटो टाकलात तर अजून चांगलं. आणि साडी गार्ड घरात माळ्यावर पडला असेल, तर तो उद्या सकाळीच बसवून घ्या. दोन-चार बोल्टचं काम आहे.