गव्हाचें सोंवळें

ठाणें, कल्याण, डोंबिवली हा मूळचा भाताचा मुलूख. गव्हाची पोळी येथील जुन्या घरांत सणावारीं होई. आज सकाळच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या डब्यांत ती रोजची झाली आहे. अशाच एखाद्या सुखवस्तु घरांत एक मूल कांहीं केल्या अंगीं भरत नाहीं. वयाच्या मानानें खुजें राहतें, पोट फुगलेलें, वारंवार ढाळ. लोहाचीं औषधें देऊनही रक्त वाढत नाहीं. मग आजी मोठ्या मायेनें गव्हाचें सत्त्व काढून त्याला भरवूं लागते. मूल अधिकच खंगतें. त्याला सीलिअ‍ॅक नांवाचा विकार असेल, तर ती वाटीच त्याचें अपथ्य असते.

या ग्रीक नांवाच्या मुळाशीं ‘उदर’ हा अर्थ आहे. (आपल्या वैद्यकांतील ग्रहणी ती हीच, असें सांगण्याचा मोह संस्कृत शिकविलेल्या माणसास होतो, तो आवरलेला बरा.) लंडनच्या सॅम्युअल गी यांनीं १८८८ सालीं या विकाराचें उत्तम वर्णन केलें, व उपाय असलाच तर तो आहारांत असेल, असेंही सांगून ठेविलें. आहारांतील अपराधी कोण, हें मात्र हॉलंडच्या विलेम डिक यांनीं ओळखिलें. गव्हाविषयीं त्यांना संशय महायुद्धापूर्वींच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत तेथें उपासमार होऊन पाव दुर्मिळ झाला, तेव्हां तो अधिकच बळावला. १९५० च्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं तो साधार मांडिला.

गव्हांत, तसेंच जवांत, ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणीक चिवट होते ती त्याच्याचमुळें. जन्मजात प्रवृत्ति असलेल्या कांहीं माणसांत शरीराची संरक्षक शक्ति त्यावर चवताळते आणि स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते. तेथील मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर झडून सपाट होतात. मग खाल्लेलें अंगीं लागावें कसें? मुलाची वाढ खुंटते, हाडें ठिसूळ होतात. प्रौढांत पुष्कळदां पोटाची तक्रारही नसते, केवळ न हटणारा पंडुरोग असतो; कांहीं स्त्रियांस गर्भधारणेंतही अडचण येते.

हें दुखणें पंजाबकडील, असें म्हणून आपण निश्चिंत असतों. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणींत उत्तरेकडील प्रौढांत शेंकडा १.२३, तर दक्षिणेंत अवघ्या ०.१० लोकांच्या रक्तांत या विकाराचीं प्रतिद्रव्यें आढळलीं. परंतु त्यास पोषक आनुवंशिक प्रवृत्ति दोन्हीकडे जवळजवळ सारखी, तिघांत एकाहून थोडी अधिकच होती. फरक ताटांत होता: उत्तरेंत दररोज माणशीं सरासरी ४५५ ग्रॅम गहूं, दक्षिणेंत २५. (ईशान्येचे आंकडे या हिशेबांत नीट बसत नाहींत, म्हणून यालाच सर्वस्वीं कारण मानूं नये.) आमच्या ताटांतील गहूं तर वाढतच आहे.

संशय येतांच घरच्या घरीं गहूं बंद करण्याची घाई मात्र करूं नये. गहूं चालू असतांनाच रक्ताची व आंतड्याच्या तुकड्याची तपासणी खरें सांगते. आधीं सोडल्यास निदान चुकतें. निदान ठरल्यावर मात्र गहूं जन्माचा सुटला. भावंडांची व आईबापांचीही तपासणी करून घ्यावी.

आणि येथें एकत्र कुटुंबाची खरी कसोटी लागते. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा यांची आपल्याकडे वाण नाहीं. उकडीचे मोदक, घावन, अनारसे सर्व चालतात. फसवितात ते न दिसणारे गहूं. मेतकुटांत ते असतात, थालिपिठाच्या भाजणींत असतात, बांधणीच्या हिंगांत मैदा असतो. गव्हामागोमाग त्याच गिरणींत दळलेलें ज्वारीचें पीठही निर्दोष नव्हे. ग्लूटेनमुक्त म्हणून विकावयाच्या पदार्थांत कायद्यानें किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाहीं, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. तेव्हां त्या मुलाचें पोळपाट-लाटणें, तवा, डबे वेगळे हवेत. ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या सोंवळें पाळिलें, त्यांस हें अवघड वाटूं नये.

अवघड आहे तो सत्यनारायणाचा शिरा. ‘कणभर प्रसादानें काय होतें?’ असें म्हणणारीं वडीलधारीं माणसें प्रत्येक घरीं असतात, आणि तीं प्रेमानेंच म्हणतात. त्या मुलाच्या हातावर केळ्याचा काप ठेवावा. आणि तो शिऱ्याच्या पळीनें वाढूं नये.