लायब्ररीच्या छतावर पोरं

लायब्ररी म्हटली की 'शांतता राखा'ची पाटी आणि कुलूपबंद कपाटं. कोपरगावच्या शारदा शाळेत मात्र पोरं लायब्ररीच्या छतावर चक्क चढतात. जमिनीतूनच वर उचलल्यासारखं विटांचं छत आणि त्याच्या पोटात पुस्तकं. २०१८ साली पूर्ण झालेली ही 'माया सोमय्या लायब्ररी' मुंबईच्या समीप पडोरा यांच्या फर्मची. आर्किटेक्चरवाल्यांना तिचे फोटो पाठ असतील. बाकीच्यांनीही शोधून बघा.

वीट दाबाला खमकी, ताणाला कच्ची. त्यामुळे छताचा आकारच असा शोधायचा, की सगळं वजन दाबातून जमिनीत उतरेल. पातळ विटांचे थर देऊन अशी छतं करण्याची रीत स्पेनमधल्या कॅटलोनियाची, जुनी. इथे आकार शोधायला झुरिकमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर वापरलं, विटा मात्र गवंड्यांनी हातानेच बसवल्या. आणि आपल्या शहरांत? 'मॉडर्न' म्हणजे काच. पश्चिमेच्या उन्हात काच लावायची, मग तिच्यावर पडदे, मग एसी. हे कसलं मॉडर्न!

याच फर्मचं दुसरं काम साखरवाडीत, 'जेतवन' हे बौद्ध केंद्र. आवारातलं एकही झाड तोडायचं नाही, हे आधीच ठरलेलं. म्हणून एक मोठा हॉल ठोकून न देता छोट्या छोट्या वास्तू झाडांच्या मधून बसवल्या. भिंती दगडाची भुकटी ठोकून घट्ट केलेल्या, छताला मोडीत निघालेल्या जहाजांचं लाकूड, वर जुनी कौलं. भुजच्या 'हुन्नरशाला'चे लोक सोबतीला होते. सामानाची नुसती यादी वाचली तर भंगारवाल्याची वाटेल!

एक गोष्ट मात्र खटकते. कोपरगावची शाळा सोमय्या विद्याविहारची, म्हणजे पाठीशी मोठी संस्था. जिल्हा परिषदेच्या शाळेचं काय? सरकारी बांधकाम ठरलेल्या दरसूचीवर चालतं. सूचीत नसलेलं काम सुचवून कुठला इंजिनीअर आपल्यामागे चौकशी लावून घेईल? तालुक्याच्या गावात चांगली वास्तू उभी राहणं दात्याच्या हौसेवर सोडून चालणार नाही. अशा कामांचे दर सूचीत आले पाहिजेत.

आणि आपलं कॉलेज? नव्या इमारतीचं चित्र आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर. तोवर झाडांवर खुणा पडलेल्या असतात. शिक्षकांबद्दल, कँटीनबद्दल आपल्याकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात. ज्या वर्गात तीन वर्षं घामाघूम व्हायचं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. आराखडा मंजुरीला जाण्याआधी नोटीस बोर्डावर लावा, एवढी मागणी स्टुडंट कौन्सिलने यंदा लेखी द्यावी. पश्चिमेच्या भिंतीला काय लावताय आणि किती झाडं जाणार, हे दोन प्रश्न त्याच अर्जात लिहा.